मगदूमांनी हात पुढे केले

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, सख्ख्या बहिणीपाशी नाही. देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा या जागेपर्यंत येऊन मी दुसरंच काहीतरी पुटपुटते आणि उठते. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. किंवा आता माझ्या तोंडावर खरं-खोटं करणारं कुणी उरलेलं नाही, म्हणूनही असेल — आणि हे दुसरं कारण जास्त खरं आहे, ते आत्ताच सांगून टाकते.

दर दोन-चार वर्षांनी कुणीतरी माझ्याकडे येतं. वही घेऊन येतं. "बाई, बेचाळीसच्या चळवळीत साताऱ्याच्या बायकांनी सरकारी नोकरांना बांगड्यांचा आहेर केला, तेव्हा म्हणे तुम्ही त्याचे नियम लिहिले होते. लाज आणणं म्हणजे नक्की काय, त्याचे प्रकार किती?" मग मी सांगते. ते लिहून घेतात, खूश होतात, माझ्या पाया पडतात आणि जातात. दार लावून घेतलं की मला इतकी चीड येते — त्यांची नाही हो, त्यांचा काय दोष — की हातातलं भांडं आपटावंसं वाटतं. कारण ते प्रकार खरोखरच चांगले आहेत. अजूनही मला त्यांत चूक सापडत नाही. मी स्वतः सोडून.

तेच आधी सांगते. पुढचं समजायला ते लागेल.

मी तेव्हा साताऱ्यात मुलींच्या शाळेत शिकवत होते. माहेर वाईचं, वय सत्तावीस, घरचे म्हणायचे त्याप्रमाणे जिभेला हाड नव्हतं. ऑगस्टनंतर पुरुष तुरुंगात गेले किंवा घर सोडून रानोमाळ झाले, आणि आम्ही दहा-बारा बायका राहिलो. दुपारी एकीच्या ओटीवर जमायचो, सूत कातायचो. काय करायचं यावर रोज भांडणं. एका गावात कुणा फितुराचं तोंड काळं करून त्याला गाढवावर बसवलं होतं. आमच्यातल्या निम्म्या जणी म्हणायच्या, आपणही तसंच करू. निम्म्या म्हणायच्या, शी! शेवटी सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. तुम्ही शिकलेल्या, तुम्ही लिहा.

मी दोन पानं लिहिली. मराठीतले शब्दच तीन ओळींत मांडले. पहिला प्रकार, लाज वाटू देणं: आपण त्याच्या दारासमोर उन्हात गप्प बसायचं, बोलायचं नाही, त्रास आपण सोसायचा, बघायचं त्यानं. दुसरा, लाज आणणं: चारचौघांत त्याचं काम त्याच्यासमोर ठेवायचं. तबकात हिरव्या बांगड्या, खण, कुंकू. ही नोकरी सोडा, नाहीतर हे घ्या. पण तबक फक्त समोर ठेवायचं, अंगाला बोट लावायचं नाही. आणि तिसरा, लाज काढणं: काळं फासणं, चपलांची माळ, धिंड. हा तिसरा मी निषेधात धरलाच नाही. ही शिक्षा, असं लिहिलं.

आणि खाली एक कसोटी. समोरच्या माणसाला ते थांबवता येतं का? त्यानं राजीनामा दिला आणि आपण तबक उचलून परत फिरलो, तर तो निषेध. त्यानं काहीही केलं तरी थांबणार नसेल, तर तो सूड. सर्वांत शेवटी एक कलम: तबक नेण्याआधी त्या माणसाला एकट्याला गाठून एकदा विचारावं. त्याची बाजू ऐकावी.

हे मी लिहिलं. माझ्या अक्षरात. किती अभिमान वाटला होता म्हणून सांगू!

येसूअक्का तेवढी म्हणाली होती, "बाई, एक इचारू? ह्या बांगड्या आमी रोज घालतो न्हवं? मग त्या लाजंच्या कशा झाल्या?"

मी हसून टाळलं आणि पानावर काही लिहिलं नाही.

येसूअक्का वडूजकडच्या एका खेड्यातली. नवरा चळवळीत होता, पकडला गेला. मग जप्ती आली आणि तिच्या घरातून म्हैस नेली, भांडीकुंडी नेली, जात्याचा खुंटा तेवढा राहिला म्हणायची. ती साताऱ्यात भावाच्या आश्रयाला आली होती. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, सडसडीत, बोलायला फटकळ. आमच्यात तिच्याच शब्दाला वजन होतं. मी तिला वाचायला शिकवत होते. म्हणजे बघा — तिला अक्षर मी दिलं. हे विसरू नका.

आता मगदूम.

नेमिनाथ मगदूम कचेरीत कारकून होते. मूळचे सांगलीकडचे जैन, घरची थोडी शेती, पण हे शिकून सरकारी नोकरीत साताऱ्याला आलेले. वय पंचेचाळीसच्या आसपास. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, बोलणं हळू. त्यांची मुलगी सुमती माझ्या वर्गात होती आणि गणितात तिचा हात धरणारं शाळेत कुणी नव्हतं. तोंडी गुणाकार असा करायची की मला फळ्यावर मांडून पडताळावा लागायचा.

बेचाळीसची दिवाळी झाल्यावर एक दिवस मगदूम शाळा सुटायच्या वेळी व्हरांड्यात येऊन उभे राहिले. "सुमतीचं गणित कसं आहे, बाई?" मी म्हटलं, उत्तम. ते म्हणाले, "ठीक." आणि त्याच सुरात, टोपी नीट करत, एका गावाचं नाव घेतलं. "उद्या सकाळी तिथं पोलीस जाणार आहेत. जप्तीला. कुणाला सांगायचं तर सांगा. माझं नाव नको."

आणि गेले.

मी येसूअक्काला सांगितलं. तिनं कुणाकडून तरी निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी पोलीस गेले तर गावात ना गुरं, ना धान्य, ना लपलेला एकही माणूस. त्यानंतर महिन्यातून दोन-तीनदा मगदूम येत. तोच प्रश्न, तोच सूर, आणि एक गाव. किती घरं वाचली असतील? मला मोजता येणार नाही.

बायका विचारायला लागल्या — बाई, तुम्हाला कळतं कसं? पहिल्यांदा मी म्हटलं, ते विचारू नका. इथवर मी बरोबर होते. मगदूमांनीच नाव नको म्हटलं होतं. पण एकीनं आपणहून अंदाज बांधला. मी कचेरीतल्या गोऱ्या साहेबाच्या बायकोला मराठी शिकवायला आठवड्यातून दोनदा बंगल्यावर जात असे, ते सगळ्यांना ठाऊक होतं. ती म्हणाली, तिथंच कागद बघत असतील!

मी नाही म्हणाले नाही.

एवढंच असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण पुढच्या आठवड्यात मी ते रंगवून सांगितलं. साहेबाचं टेबल, त्यावरचा काचेचा गोळा, त्याखालचा कागद. मडम चहा सांगायला आत गेली आणि मी उलटं वाचून घेतलं. पावलं वाजली तेव्हा काळीज कसं लटलटलं. सगळं खोटं. त्या बंगल्यात मी व्हरांड्याच्या पुढे कधी गेलेही नव्हते. पण त्या बायकांचे डोळे! चरखे थांबले होते. येसूअक्कानं उठून दृष्ट काढल्यासारखी माझ्यावरून बोटं मोडली. "लय धाडसाची हायेस गं बाई," म्हणाली.

मला सांगा — तुमच्यावरून कुणी कधी अशी बोटं मोडली आहेत? ज्याच्यासाठी मोडली ते काम दुसऱ्याचं असताना? त्याची गोडी काय असते, ते मला माहीत आहे.

उन्हाळा लागायच्या सुमारास येसूअक्काला जोडाक्षरं यायला लागली. एका दुपारी तिनं कनवटीला बांधलेला कागद काढला. तिच्या घरच्या जप्तीची नोटीस. पाच-सहा महिने अंगावर वागवत होती. म्हणाली, आज मी सोता वाचणार. एक-एक अक्षर जोडत, बोट फिरवत ती वाचत गेली. म्हैस आली, तांब्या आला, परात आली. आणि तळाशी सही. "ने… मि… नाथ म… ग… दूम."

तिनं मान वर केली. "हा कोन?"

कुणीतरी म्हणालं, कचेरीतला कारकून, त्याची पोरगी बाईंच्या शाळेत आहे.

"ह्येला तबक द्यायचं," येसूअक्का म्हणाली. "पुढल्या बाजारच्या दिवशी."

मी नोटीस हातात घेऊन ती सही पुन्हा वाचली. पण घाबरायचं कारण नव्हतं, कारण माझंच कलम होतं ना! आधी त्या माणसाला एकट्याला विचारायचं. विचारायला कोण जाणार? सगळ्यांनी एकमतानं मला नेमलं. मी गेले. ते टाळलं नाही. टाळलं असतं तर बरं, असं आता वाटतं.

मगदूम शाळेच्या विहिरीपाशी भेटले. मी सगळं सांगितलं. येसूअक्काची नोटीस, तिचा राग, बाजारचा दिवस.

"सही माझीच आहे," म्हणाले. "वरनं हुकूम येतो, खाली सही माझी असते. त्यांचं काही चुकलं नाही, बाई. पण मी राजीनामा दिला तर पुढचं गाव कोण सांगणार?"

मी जायला वळले.

"असं करा," ते म्हणाले. "त्या येसूबाईंना एकट्यांना सांगा. माझं नाव सांगा, चालेल. ज्या बाईची म्हैस गेली ती तोंड उघडायची नाही. बाकीच्यांना नको."

कळलं ना तुम्हाला? त्यांनी मला मोकळं केलं होतं. त्यांचं गुपित राखण्यासाठी मी गप्प राहिले, असं मी म्हणू शकत नाही. कितीदा म्हणून पाहिलं मनाशी! नाही म्हणता येत. ते विहिरीपाशीच संपलं.

मी येसूअक्काकडे निघाले. खरंच निघाले होते. वाटेत वाक्य जुळवत होते. अक्का, आपल्याला बातम्या देतात ते हेच. आणि प्रत्येक वेळी पुढचा प्रश्न ऐकू यायचा — मग बंगल्यावरचा कागद? काचेचा गोळा? ती पावलं? येसूअक्का रागावली नसती, मला माहीत आहे. ती फक्त हसली असती. "अगं बाई, मग त्ये समदं काय सांगत व्हतीस?" एवढंच. त्या एका हसण्याला मी भ्यायले. पोलिसांना भ्यायले नव्हते, तुरुंगाला भ्यायले नव्हते. एका अडाणी म्हणवणाऱ्या बाईच्या हसण्याला!

ओटीवर पोचले. सगळ्या जमल्या होत्या. येसूअक्कानं विचारलं, "काय म्हनला?"

मी म्हणाले, "राजीनामा देणार नाही म्हणतात."

हे खरं वाक्य आहे. त्यातला एकही शब्द खोटा नाही. माझ्या सगळ्या खोट्यांमध्ये हे सर्वांत वाईट.

बाजारच्या दिवशी दुपारी आम्ही निघालो. मी तोवरही मनाशी म्हणत होते, फक्त तबकच तर ठेवायचंय. दुसरा प्रकार. अंगाला हात नाही. पाच मिनिटांत संपेल, मगदूम समजूतदार आहेत, नंतर मी सगळं नीट करीन. कचेरीसमोर बाजाराची गर्दी होती. आम्हाला बघून माणसं मागे यायला लागली — भाजीवाले, हमाल, कामाला आलेले खेडूत. दहा-बारा जणींच्या मागे दोनशे माणूस झालं. हे माझ्या दोन पानांत नव्हतं. बघायला येणाऱ्यांचं काय करायचं, याचं एक अक्षर मी लिहिलं नव्हतं.

मगदूम बाहेर आले. पायरीवर उभे राहिले. येसूअक्कानं तबक समोर धरलं.

आणि मगदूमांनी हात पुढे केले.

आपणहून. दोन्ही. मनगटं जरा वर करून, जशी बाई कासाराकडे करते तशी. चेहऱ्यावर — मी शपथेवर सांगते — पुसटसं हसू होतं. गर्दीला दिसण्यासारखं नव्हतं. येसूअक्काला दिसावं, इतकंच होतं.

मला क्षणात उमगलं. त्यांना वाटत होतं, मी सांगितलंय. त्यांना वाटत होतं की येसूबाईंना सगळं ठाऊक आहे आणि हा देखावा आहे. बाजारात लाज निघाली की साहेबाचा त्यांच्यावरचा विश्वास पक्का होईल, पुढच्या बातम्या सुरक्षित येतील. काय डोकं होतं त्या माणसाचं! किती सरळ डोकं! आम्ही दोघींनी मिळून त्यांच्यासाठी युक्ती केलीय असं समजून ते साथ देत होते.

येसूअक्काला ते हसू दिसलं. ती भडकली.

"हसतोस व्हय रं? माजी म्हस सोडून न्हेली, तवा बी असाच हसला असशील! पोरं दुधाला रडली माजी!"

आणि त्यांच्या पायाशी थुंकली.

तेव्हा मगदूमांचा चेहरा बदलला. आधी गोंधळले. त्यांनी तिच्याकडे नीट बघितलं — आणि कळलं त्यांना. ही जाणत नाही. मग ते मला शोधू लागले. मी मागे होते, तिसऱ्या-चौथ्या रांगेत. त्यांनी एकेक तोंड बघत बघत मला गाठलं. नजर रागाची नव्हती. विचारल्यासारखी होती. काय झालं, बाई? विसरलात का?

मी खाली बघितलं.

माझा पदर कुणाच्या तरी टोपलीला अडकला होता, तो मी सोडवत बसले. एवढंच मी त्या वेळी केलं.

मग कोण कुणाचं ऐकतंय? बांगड्या ठेवायच्या होत्या, त्या गर्दीतल्या पुरुषांनी हातात कोंबल्या. पुरुषाच्या पंजातून लहान मापाची काच जाईल कशी? फुटली. रक्त कोपरापर्यंत गेलं. कुणी टोपी उडवली. कुणी आत जाऊन त्यांच्याच मेजावरची दौत आणली आणि त्यांच्या डोक्यावर उपडी केली. येसूअक्का ओरडत होती, "आरं हात लावू नगा! ठरलंय आमचं! आरं ऱ्हावू द्या!" — ती, जिची म्हैस गेली होती, ती अडवत होती, माझी कलमं पाळत होती. मी पदर सोडवत होते.

ते एका शब्दानं सगळं थांबवू शकले असते. "त्या बाईला विचारा." बस्स. कधी कधी मला त्यांचाच राग येतो. का नाही बोललात? मला कशाला वाचवलंत? पण ते मला वाचवत नव्हतेच. बोलले असते तर दुसऱ्या दिवशी साहेबापर्यंत गेलं असतं आणि पुढचं गाव गेलं असतं. ते गावाला वाचवत होते. मी आपली मध्ये होते.

आणि बघायला सुमती होती. शाळा अर्ध्या दिवसानं सुटली होती बाजारामुळे. मी तिला नंतर पाहिलं. कासाराच्या दुकानाच्या खांबाला धरून उभी होती.

पंधरा दिवसांनी मगदूम शाळेत आले. हाताला पट्टी होती. सुमतीचं नाव काढायला आले होते. मुली तिला शाईची पोर म्हणायच्या, ती घराबाहेर पडेना. हेडबाईंच्या खोलीतून दाखला घेऊन ते व्हरांड्यात आले. मी उभी होते. मला वाटलं, आता बोलतील. मारतीलसुद्धा. मी तयार होते. खरं तर मला ते हवं होतं.

त्यांनी गणिताचं विचारलं नाही. फक्त एका गावाचं नाव घेतलं. "परवा," म्हणाले.

आणि पायऱ्या उतरून गेले.

मी ती बातमी पोचवली. येसूअक्का म्हणाली, "बंगल्यावर गेली व्हतीस?"

मी म्हटलं, हो.

त्यानंतर ते साताऱ्यात फार दिवस राहिले नाहीत. त्यांच्या बायकोला पाणवठ्यावर कुणी बोलेना, हळदीकुंकवाला कुणी बोलावीना. नोकरी सोडून ते सांगलीला परत गेले. आमच्या बायका म्हणाल्या, बघा, शेवटी राजीनामा दिलाच! आहेर लागू पडला. माझी दोन पानं त्यानंतर इतर गावांत उतरवून नेली गेली. बातम्या मात्र बंद झाल्या. त्या वर्षी पावसाळ्याआधी दोन गावांत आधी खबर न लागता पोलीस पोचले. मी म्हटलं, साहेबाची बायको विलायतेला गेली, आता बंगल्यावर जाणं नाही. सगळ्यांना पटलं. माझं काहीही पटायचं हो त्यांना.

स्वातंत्र्य आलं. आमचा सत्कार झाला. एका वक्त्यानं काचेच्या गोळ्याखालच्या कागदाची गोष्ट माझ्याहून रंगवून सांगितली. टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेत येसूअक्का बसली होती. नवरा सुटून आला होता, तोही शेजारी. ती त्याला कोपरानं ढोसून दाखवत होती — हीच ती बाई. मी उभी राहिले, शाल घेतली, चार शब्द बोलले. त्या चार शब्दांत मगदूम नव्हते. बोलायला कोण अडवत होतं तेव्हा? इंग्रज गेला होता!

येसूअक्का काही वर्षांनी तिच्या गावी वारली. शेवटपर्यंत तिच्या लेखी मगदूम हे सरकारचं कुत्रं. मगदूमही आता नाहीत. पण ते जाण्याआधी मला एकदा भेटले. एकदाच. तेवढं सांगते आणि थांबते.

स्वातंत्र्यानंतरचं दुसरं वर्ष. परीक्षेच्या कामासाठी मी सांगलीला गेले होते. दुपारी काम आटोपलं, आणि घरी हळद न्यावी म्हणून पेठेत शिरले. हवेत पिवळी धूळ, पोत्यांच्या थप्प्या, हमालांची ये-जा. एका अडतीच्या दुकानात पोती उतरवून घेणारा माणूस वळला. मगदूम. केस पांढरे झालेले, हात मनगटापर्यंत पिवळे.

मी निघून जाणार होते. त्यांनीच हाक मारली. "बाई? तुम्ही? या, या. बसा."

लाकडी बाकावर बसवलं. चहा मागवला. मी सुमतीचं विचारलं.

"शिरोळकडं दिली. शेतकरी आहे जावई. बरं आहे. तोंडी गुणाकार अजून करते. सासरची माणसं हसतात." आणि ते स्वतः थोडं हसले.

चहा आला. त्यांनी बशी माझ्याकडे सरकवली.

"एक विचारू का? इतकी वर्षं मनात आहे. राग मानू नका." आवाज तोच होता, व्हरांड्यातला. "तुम्ही येसूबाईंना सांगितलं होतं ना?"

ऐकताय तुम्ही? दुकानात आम्ही दोघंच होतो. हमाल बाहेर होते. गर्दी नाही, साहेब नाही, चरखे नाहीत, कुणी बोटं मोडणार नव्हतं. समोर एक म्हातारा होत चाललेला माणूस, आणि त्याला फक्त एक गोष्ट जाणून घ्यायची होती.

मी म्हणाले, "हो. सांगितलं होतं."

"मग त्यांनी…"

"त्यांचा राग आवरला नाही," मी म्हणाले. "म्हैस गेली होती ना."

ते मान हलवत राहिले. एकदा, दोनदा. चेहऱ्यावरचं काहीतरी सैल पडलं. मला वाटतं, त्यांना बरं वाटलं. एकदाच पाहिलेल्या, म्हैस गेलेल्या बाईचा राग समजून घेणं त्यांना सोपं होतं.

"मला वेगळंच वाटायचं," ते म्हणाले. "मला वाटायचं, तुम्ही सांगितलंच नसेल. किती वर्षं मी तुमच्याविषयी वाईट विचार केला, बाई. घरीसुद्धा बोललो. सुमतीपाशी बोललो." आणि त्यांनी ते पिवळे हात जोडले. "मला माफ करा."

मी चहाची बशी खाली ठेवली.

"असू द्या, मगदूम," मी म्हणाले. "होतं असं."